हावरी नजर

रनाळ्यात माणसाला हावरा म्हणायला फार मोठं कारण लागत नसे. पंगतीत दुसऱ्यांदा वरण मागितलं, शेंगा फोडताना चार दाणे तोंडात टाकले, वासरू दाव्याला हिसका देऊन गाईकडे पळालं, की कोणीतरी म्हणायचंच, हावरं मेलं. जावयाला चेष्टेने म्हणत, म्हाताऱ्याला वैतागून म्हणत. अंगावर पिणाऱ्या लेकराला आई म्हणायची तेव्हा तर त्यात कौतुकाशिवाय काही नसायचं. शब्द एकच, पण तो कोणाच्या कशाला लावला यावर सगळं अवलंबून होतं. तोंडाला लावला तर हसणं, हाताला लावला तर चोरीचा संशय. आणि दगूबाईच्या सासूने, भिकुबाईने, तो सुनेच्या नजरेला लावला.

दगूबाई तापीपलीकडच्या म्हसावदची. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी तिचं नाव दगडावरून ठेवलं. दगडाला कोण नेतो? सासूचं नावही तसलंच, भीक मागून आणलेली म्हणून भिकु. त्या काळात घरोघरी अशी नावं होती. लेकरू आपल्याला हवं आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. बाराव्या वर्षी दगूबाईचं चुडामणशी लग्न झालं आणि दोन वर्षांनी ती रनाळ्याला नांदायला आली. घर धाब्याचं, जमीन काळी, नवरा अबोल आणि भला. पहिला मुलगा झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

त्या मुलाला ती बघतच राही. भाकरी थापता थापता मान वळवून बघे, नदीवरून धुणं आणताना पावलं लांब टाकी. झोपलेल्या पोराच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतोय ना ते बघे, आणि आला की पुन्हा एकदा बघे. शेजारणी आल्या की त्यांना उठवून दाखवी. भिकुबाईला हे आवडत नसे. "कितलं देखस वं त्याले! पोट भरस का नही तुन्हं?" ती म्हणायची. आठव्या महिन्यात पोर तापाने गेलं. त्यानंतर मुलगी झाली, ती दोन वर्षांची होऊन मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. त्या वर्षी गावात घर सोडून घर मयत होती, कोणी कोणाकडे रडायला जात नव्हतं. मग आणखी एक मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला.

तिसऱ्याला पुरून पुरुषमंडळी परत आली, त्या दिवशी ओट्यावर बसून भिकुबाई म्हणाली, "तुन्ही नजर हावरी शे, दगू."

रागाने म्हणाली असती तर दगूबाईने ते सासूचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण म्हातारी रडत होती आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचं म्हणणं असं, की वाईट नजर परक्याची असते, तिला मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकता येते. हावरी नजर घरच्याच माणसाची असते. जे आपलं आहे तेच पुन्हा पुन्हा बघत राहते, बघून तिचं भरत नाही, आणि लेकराला ती आतून खाते. ती ओवाळून जात नाही. ती ज्याची त्यानेच आवरायची.

दगूबाईने हे ऐकलं आणि तिला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. शेजारच्या भिंतीला भिंत लागून कौसाबाईचं घर होतं. कौसाबाई आणि दगूबाई भाऊबंद नव्हत्या, कूळ वेगळं, पण ओटा जवळजवळ एकच. कौसाबाईला चार मुलगे, चौघंही बैलासारखे. आणि ती त्यांच्याकडे कधी धड बघायचीही नाही. सकाळी तिचा आवाज सुरू व्हायचा, "उठा रे मुडदाहोन, दिन डोकावर उना!" जेवायला बसले की म्हणायची, "गिळा." थोरला नथ्थू एकदा विहिरीत पडून वर आला तर तिने आधी दोन थोबाडीत दिल्या. तिची पोरं जगत होती, आणि दगूबाई डोळ्यांत तेल घालून बघत होती तर तिची जात होती. यापुढे आणखी पुरावा काय हवा?

माघात उखा झाला तेव्हा भिकुबाईने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी पोराला जुन्या फडक्यात गुंडाळून सुपात घातलं आणि ते सूप घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. दगूबाईला दाराआड उभं केलं होतं. बाहेर यायचं नाही, रडायचं नाही. ठरल्याप्रमाणे कौसाबाई चुलीतली राख टाकायला आली.

"अय माय! आठे हाऊ पोऱ्या कोनी टाका वं?"

"माले काय माहीत," भिकुबाई म्हणाली. "उकिरडावर पडेल शे. तुले जोयजे त ले, नही त कुत्रा खातीन."

"लेस बाई. चार पोऱ्या शेतच घरमा, त्यास्मा आखो एक." कौसाबाईने सूप उचललं, पोराचं तोंड बघितलं आणि हसून म्हणाली, "नाक त बसकं शे याना. याले दुसरं कोन लई?"

उकिरड्यावर सापडलेला म्हणून उखा. असं पुष्कळ घरी करत, पण बाकीच्या घरी सूप त्याच दुपारी परत येई. भिकुबाईला तेवढ्याने भागेल असं वाटेना. तीन गेलेल्या घरात एका दुपारची फसवणूक पुरायची नाही. तिने मुदत घातली. पाच कानबाया जाऊ द्यायच्या, तोवर पोर कौसाबाईचंच. सहाव्या कानबाईला त्याला घरी आणायचं.

कानबाई म्हणजे खानदेशातल्या घरांचा श्रावणातला मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, तिच्या रोटांसाठी आदल्या दिवशी गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातल्या मुलाचीही मूठ पडते. ते रोट फक्त त्या घरच्यांनी, त्या कुळाच्यांनी खायचे, शेजाऱ्याला घास द्यायचा नाही. कोण कोणाच्या घरचा, हे वर्षातून एकदा देवीसमोर असं मुठीने मोजलं जाई. दगूबाईच्या घरी एकच मूठ पडायची, चुडामणची. कौसाबाईकडे नवरा, चार मुलगे आणि त्या वर्षीपासून उखाची मूठ धरून सहा.

दूध मात्र दगूबाईचंच होतं. कौसाबाई दिवसातून सहा वेळा पोर घेऊन यायची आणि मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "ए दगू, मन्हा पोऱ्याले दूध पाज व. अवसले शेरभर जवारी देसू." आणि खरंच अवसेला ती ज्वारी घेऊन यायची. दगूबाई पदराखाली पोर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. तो धसमुसळ्यासारखा प्यायचा, ठसका लागला तरी सोडायचा नाही. हावरा मेला, श्वास तरी घे, असं कोणतीही आई म्हणते. तिच्या ओठांवर ते यायचं आणि ती गिळून टाकायची. तो शब्द तोंडातून निघाला तर कोणाला लागेल याचा भरवसा नव्हता.

नंदुरबारहून हाजराबी बांगड्या भरायला यायची. एकदा ती ओट्यावर टोपली उतरवून बसली होती आणि कौसाबाईच्या दारात उखा रडत पडला होता. कौसाबाई शेतात गेलेली. दगूबाई समोर बसून हात पुढे करून बांगडी भरून घेत होती.

"ए बाई, बच्चा कबसे रोता, उठाती क्यों नहीं?" हाजराबी म्हणाली.

"मन्हा नही शे तो."

"तेरा नहीं?" हाजराबीने पोराकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नाक तो तेरीच लाया है."

दगूबाईच्या हातातली अर्धी चढलेली बांगडी फुटली. तिने हाजराबीच्या तोंडावर हात ठेवला, पुन्हा असं म्हणू नको म्हणून तिच्या पाया पडली. हाजराबीला काही कळेना. तिने उठून स्वतःच पोर उचललं, त्याच्या हातात काळ्या मण्यांची मनगटी बांधली आणि जाताना एवढंच म्हणाली, की अशी आई तिने पाहिली नाही. रागात म्हणाली, की दुसरं काही होतं तिच्या मनात, सांगता येत नाही.

पाच कानबाया गेल्या. पोर जगलं. साडेपाच वर्षांचा उखा कौसाबाईला माय म्हणायचा, दगूबाईला दगूकाकू. सहाव्या श्रावणात चुडामणने शनिवारी सकाळी गव्हाची कणगी उघडली आणि वर्षभरात बोलला नसेल एवढं एका दमात बोलला. "आज दोन मुठी मोज. सांजले मी जाईसन त्याले लई येस."

दगूबाईने नवऱ्याच्या नावाची सव्वा मूठ घातली. मग उखाची. सव्वा मुठीवर तिचा हात थांबेना, दीड झाली, पावणेदोन झाली. गहू सुपात टाकून ती ओट्यावर गेली. उखा कौसाबाईच्या ओट्यावर उताणा झोपला होता. पाच वर्षांनी पहिल्यांदा ती त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याला नीट बघितलं. पायाची बोटं, गुडघ्यावरची खपली, उघडं तोंड. भिकुबाईने हाक मारली तरी ती उठली नाही. चुलीवरचं दूध उतू गेलं.

संध्याकाळी उखाला ताप भरला, आणि दिवेलागणीला त्याला झटके आले.

त्या आठवड्यात गावात गोवर होता. कौसाबाईच्या धाकट्यालाही आला, आणखी सात-आठ घरी होता. पण हे त्या वेळी दगूबाईला कोणी हात जोडून सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. ती घरात गेली आणि सुपातली उखाची मूठ तिने परत कणगीत टाकली. चुडामण दारात उभा होता.

"पुढला सालले," ती म्हणाली.

उखा बरा झाला. त्यामुळे तर तिचं मत पक्कंच झालं. पुढच्या साली श्रावण आला तेव्हा तिने आणखी एक वर्ष मागितलं. त्याच्या पुढच्या साली आणखी एक. आता मुदत भिकुबाईची नव्हती, तिची स्वतःची होती आणि ती संपत नव्हती. चुडामणने एकदा पोराचा हात धरून त्याला घरात आणून बसवलं, तर ती विळा घेऊन शेतात निघून गेली आणि उखा परत गेल्याचं कळेपर्यंत आली नाही.

"तुले पोऱ्या नको व्हता का?" चुडामणने विचारलं.

काय बोलणार? हवा होता म्हणूनच.

उखाच्या त्या तापानंतर तीन वर्षांनी भिकुबाई अंथरुणाला खिळली. जाण्याआधी तिने सुनेला जवळ बोलावलं. "पुरे व्हयनं आते, दगू. मीच सांगं व्हतं, मीच सांगस. आन त्याले घर." दगूबाई "आनसू" म्हणाली. म्हातारी त्यावर विसंबून गेली.

उखा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हापासून रोज दुपारी दगूबाईच्या ओट्याशी येऊन उभा राहू लागला. बोलायचा नाही, काही मागायचा नाही. ती देवळीत मूठभर भुईमुगाच्या शेंगा ठेवायची आणि आत निघून जायची. दाराआड उभी राहून शेंगा फुटल्याचे आवाज ऐकायची. टरफलं पडली, दाणे चावले, हात झटकले, गेला. एवढंच तिच्या वाट्याचं होतं आणि ती ते दिवसभर पुरवायची. कानबाईच्या दिवशी मात्र तो आला तेव्हा तिला बाहेर यावं लागलं. आत पुरण शिजत होतं, वास सगळ्या ओट्यावर पसरला होता.

"थोडंसं दे ना, काकू."

"तुन्हा रोट तुन्हा घर शेत. हाई आम्हनं शे."

"एकच घास."

"जाय सांगं ना!"

तो गेला. देवीचा नियमच होता तो, दुसरी कोणी असती तरी हेच म्हणाली असती. पण दुसरी कोणी असती तर रात्रभर चुलीपाशी बसून राहिली नसती.

गावात आता तिला कोणी हावरी म्हणत नव्हतं. तो शब्द भिकुबाईबरोबर गेला. नव्या सुना आल्या होत्या, त्यांना ती घटना माहीत नव्हती. त्या म्हणायच्या, दगूबाई कोरडी आहे, पोटचं पोर शेजारी टाकलं आणि डोळ्याला पाणी नाही. दगूबाईने तेही ऐकलं. तिला त्यातून एक प्रकारचा दिलासाच मिळाला. बायकांना कोरडी वाटते, म्हणजे जो कोणी वरून बघत असेल त्यालाही वाटत असेल.

उखा बारा वर्षांचा असताना पौषात मिरची वाहण्याचं काम चाललं होतं. गाड्या शेतातून गावाकडे येत होत्या. कौसाबाईच्या गाडीत पोती उंच रचलेली, त्यांवर उखा बसलेला. नाल्यात चाक दगडावर चढलं, गाडी कलली आणि तो वरून खाली आला. कपाळ खडकावर आपटलं. दगूबाई बांधापलीकडच्या वावरात होती. तिने बघितलं आणि ती धावली. पदर काट्यात अडकला तो तसाच फाडून धावली. तिचे दोन्ही हात पुढे आलेले होते. उखा उठून बसला होता, भुवईतून रक्त वाहून डोळ्यात जात होतं, आणि दुसऱ्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता.

दोन पावलांवर ती थांबली. हात मागे घेतले. आणि मान फिरवून ओरडली, "कौसा! ए कौसा, तुन्हा पोऱ्या पडना!"

कौसाबाई मागून शिव्या देत आली, "मुडदा, तुले सांगं व्हतं वर बसू नको," आणि तिने लुगड्याचा पदर फाडून त्याच्या कपाळाला बांधला. दगूबाई उभी होती. उखा रडला नाही.

त्या दिवसानंतर तो ओट्याशी आला नाही. ती देवळीत शेंगा ठेवत राहिली. दोन-तीन दिवस तशाच राहिल्या, मग खारी नेऊ लागल्या.

अठराव्या वर्षी तो रेल्वेत गँगमन म्हणून लागला आणि खांडबाऱ्याला राहायला गेला. निघताना चुडामणच्या पाया पडला. दगूबाईच्याही पडला, पण लांबूनच, हात जमिनीला लावून. ती "जाय" म्हणाली आणि चूल फुंकायला वळली. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. वरमाय म्हणून कौसाबाई मिरवली. दगूबाई मागच्या परसात उलट्या खापरावर मांडे भाजत बसली होती. दोनशे माणसांचे मांडे तिने एकटीने भाजले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पंगतीत सगळ्यांनी मांड्यांचं कौतुक केलं. कोणी भाजले ते नवऱ्यामुलाने विचारलं नाही.

मग कौसाबाईच्या नवऱ्यामागे तिच्या चौघा मुलांनी वाटण्या केल्या, वेगळ्या चुली मांडल्या, आणि नथ्थूच्या बायकोचं आणि सासूचं पटेना. उखा एक दिवस आला, कौसाबाईचं गाठोडं उचललं आणि तिला खांडबाऱ्याला घेऊन गेला. भिंतीपलीकडून सकाळी येणाऱ्या शिव्या बंद झाल्या.

शेचाळीस वर्षांच्या दगूबाईला एकटं पडायला आणखी सहा महिने लागले. त्या उन्हाळ्यात चुडामण गेला. उखाला निरोप गेला, तो आला, त्याने अग्नी दिला, डोकं केलं, तेरा दिवस राहिला. पण झोपला तो शेजारी नथ्थूच्या ओट्यावर. तेराव्याच्या पंगतीत तिने त्याला वाढलं तेव्हा खाली मान घालूनच वाढलं. तिला फक्त त्याचे हात दिसले. तळहातावर घट्टे होते, एका बोटाचं नख काळं पडलं होतं. जेवून तो गाडीला गेला.

पावसाळा लागला. रिकाम्या घरात बसून दगूबाईने पहिल्यांदा उलटा विचार केला. तो बावीस वर्षांचा झाला होता. लोखंडाचे रूळ उचलत होता, त्याला मिशा होत्या. नजरेने जायचं वय कधीच मागे पडलं होतं, आणि ते मागे पडलं तेव्हा तिला कोणी सांगितलं नाही. आता आणलं तर? श्रावण लागला तसं तिने कणगीतले निवडक गहू एका फडक्यात बांधले. कानबाईच्या आधीच्या गुरुवारी बैलगाडीने नंदुरबार गाठलं आणि तिथून आगगाडीने खांडबारा. या वर्षी उखाची मूठ तिच्या घरी पडली नाही तर त्या घरात मूठ पडणारच नव्हती. कोणाच्याच नावाची.

रेल्वेच्या खोल्या स्टेशनाला लागूनच होत्या. शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर कौसाबाई पाय पसरून बसली होती आणि तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं पोर होतं.

"अय, दगू! कशी उनी वं? सांगं बी नही!"

"गाडीवर उनू."

"बस, बस. हाऊ देख तुन्हा नातू. देख ना, कितला गोरा शे."

"कुठला गोरा," दगूबाई पटकन म्हणाली. "काया शे. अन् वायेल, काडीसारखा."

आत चुलीपाशी उखाची बायको मीनाबाई होती, तिने हे ऐकलं. तरी मुकाट्याने बाहेर आली, पाया पडली आणि पोर उचलून पुढे केलं. "ल्या ना काकू, मांडीवर."

"नको. मन्हा हात वल्ला शेत."

तिचे हात कोरडे होते. ते तिने गव्हाच्या गाठोड्याखाली सारले. मीनाबाई पोराला घेऊन आत गेली आणि भांडी जरा जोरात वाजली.

दुपारी उखा कामावरून आला. हातपाय धुताना त्याने तिला बघितलं, तोंड पुसत पुसत जवळ आला. "दगूकाकू? काय व्हयनं?"

तिने गाठोडं सोडलं. वाटेत जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं काही आठवेना. "रविवारे कानबाई शे. तुन्ही मूठ मोजानी शे. मन्हा घर."

"मन्ही मूठ आठे मोजतस. माय मोजस."

"तू मन्हा शेस, उखा."

बावीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं. मग तिला थांबता येईना. तिने सगळं सांगितलं. तीन लेकरं, उकिरडा, सूप, ती शनिवारची मूठ आणि ते झटके. हावरी नजर म्हणजे काय तेही सांगितलं. उखा उंबऱ्यावर बसून तळहातावरची सालं काढत ऐकत होता.

"माले माहीत शे," तो म्हणाला.

"कोनी सांगं?"

"तुन्ही सासूनी, मोठमायनी. मराना आधी, मी आठ वरीसना व्हतू तव्हय."

दगूबाईच्या डोळ्यांपुढे देवळीतल्या शेंगा आल्या. म्हणजे ओट्याशी येऊन उभा राहायचा तो उगाच नव्हे.

"मंग?"

"मंग काय? माहीत व्हतं म्हनीसनच रोज येऊ. म्हनू, आज बोली, उद्या बोली. गाडीवरथीन पडनू त्या दिन तू पयत उनी. माले वाटनं, आते धरी." त्याने भुवईवर बोट ठेवलं आणि काढलं. "तू थांबनी."

"तुन्हासाठीच थांबनू रे."

"माहीत शे ना. पन बारा वरीसना पोऱ्याले माहीत ऱ्हाईसन काय उपेग?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ती त्याच्याशी भांडली असती, पायावर डोकं ठेवलं असतं, काहीतरी केलं असतं. तो तिला समजावून सांगत होता, जसं स्टेशनावर एखाद्या म्हातारीला सांगावं की तुझी गाडी गेली.

"मन्हं काय, मी पिकेल पान," मागून कौसाबाई म्हणाली. "जाय रे तू तिन्हासंगे. तिन्हाच शेस तू. मी त राख टाकाले गयतू."

"तू गप बस, माय," उखा म्हणाला. मग दगूबाईकडे वळून, हळू, "तिन्हा चारी पोऱ्या वायला व्हयनात. मी बी उठी गया त तिन्हा घरमा कोन्ही मूठ मोजानी, सांग?"

कौसाबाईने पाच मुलांच्या मुठी मोजल्या होत्या, आता एकाची राहिली होती. ती मागायला दगूबाई आली होती. हावरेपणा म्हणतात तो हाच असेल, तिला वाटलं, आधीचा नव्हे.

"हाई गहू ठेव मंग," ती कौसाबाईला म्हणाली. "चांगला शेत. निवडेल शेत."

मीनाबाईने ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. उखाने तिलाही समोर बसवलं. तो जेवू लागला. भूक लागलेल्या माणसासारखा, मोठे घास, मध्येच पाण्याचा घोट. दगूबाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर केली. आज ती खाली घालावी असं काही उरलं नव्हतं. भुवईवरचा व्रण तिच्या अंदाजापेक्षा लांब होता, थेट केसांपर्यंत गेलेला. उजव्या बाजूने चावायची त्याची सवय चुडामणची. कानाच्या पाळीवर एक तीळ होता, तो तिला माहीतच नव्हता.

"काय देखस, काकू?" त्याने विचारलं. तो जरा अवघडला होता, परक्या बाईने टक लावून बघितल्यावर माणूस अवघडतो तसा.

"काही नही. जेव तू."

तो थोडा तिरपा होऊन बसला. ती बघत राहिली. त्याचं जेवण होईपर्यंत, तो उठून मोरीवर हात धुवेपर्यंत, टोपी घालून कामावर निघेपर्यंत. आता तो कौसाबाईचा होता, देवीसमोर मोजलेला, आणि दुसऱ्याच्या लेकराकडे कितीही बघितलं तरी त्याला काही होत नाही.

तिच्या ताटातली भाकरी तशीच होती. मीनाबाईने ती फडक्यात बांधून दिली. संध्याकाळच्या गाडीने दगूबाई रनाळ्याला परत निघाली.